तळ्यातला माणूस कोण?

मी अमेरिका पाहिलेली नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. तरी गेली काही वर्षं अमेरिकेतल्या बड्या लोकांची टर उडवणं हा माझा धंदा आहे आणि त्यावर माझं घर चालतं. हे कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पण हे सगळं करून घेतंय कोण?"

हा प्रश्न मला बँकेतल्या साहेबांनी विचारलाय, नमाजाला येणाऱ्या मंडळींनी विचारलाय, वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी तर जिन्यात अडवून विचारलाय. मला त्यांचा राग येत नाही. मीही हाच प्रश्न मनाशी विचारत आलोय.

मी मूळचा म्हसवडचा. रशीद पेंटर म्हटलं की माण तालुक्यातले जुने लोक अजून ओळखतात. वडील बोर्ड रंगवायचे, मीही तेच करत मोठा झालो. दोरीला निळीची पूड लावून भिंतीवर फटकारली की सरळ रेघ उमटते, त्या रेघेवर अक्षरं बसवायची, अक्षराला उजवीकडून सावली द्यायची. किराणा दुकानापासून कुस्तीच्या मैदानापर्यंत सगळं आम्हीच लिहायचो. पुढे फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेले. मी सांगलीत विश्रामबागेत आलो, कॉम्प्युटर शिकलो आणि फ्लेक्स डिझाइन करू लागलो.

फ्लेक्सचं काम बाहेरून सोपं दिसतं. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे वर मोठ्या नेत्याचं डोकं, त्याच्याखाली मधल्या नेत्याचं, मग ज्याचा वाढदिवस तो, आणि तळाला शुभेच्छुकांची रांग. पण कुणाचं डोकं केवढं ठेवायचं, यात सगळं राजकारण असतं. मी मापात चुकलो तर दुकानात भांडणं होत. एकदा एका गावचा उपसरपंच छापून झालेला फ्लेक्स घेऊन परत आला. त्याने बरोबर चक्क टेप आणला होता. "सरपंचाचं डोस्कं माझ्यापेक्षा मोठं का? तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "आवं, त्यांनी फेटा घातलाय." त्याला ते पटलं नाही. सरपंचाने मला गुपचूप गाठलं असणार, असंच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. पुढच्या फ्लेक्सला तोही फेटा घालून आला.

अशा लोकांत राहून मी एक शिकलो. सत्तेतल्या माणसाला चित्रात फक्त तो स्वतःच दिसतो. दुसरं काही दिसतच नाही.

अमेरिकेचं काम माझ्या मुलीमुळे, रेश्मामुळे आलं. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. फावल्या वेळात मी गिऱ्हाइकांची गमतीची चित्रं काढायचो, ती तिने चित्रकारांना काम मिळतं अशा एका साइटवर टाकली. काही दिवसांनी कॅरल नावाच्या बाईंचा निरोप आला. त्या तिकडच्या एका लहान शहरातून राजकीय विनोदाचं साप्ताहिक चालवतात. श्रीमंतांचा, सरकारचा, मोठ्या कंपन्यांचा समाचार घेतात. त्या विषय सांगणार, रेश्मा मला मराठीत समजावणार, मी कच्चं चित्र पाठवणार, त्यांनी हो म्हटलं की पक्कं करून द्यायचं. असा मामला ठरला.

पहिलाच विषय होता मालक आणि कामगार. मी सुटाबुटातला ढेरपोट्या मालक काढला, बोटात अंगठ्या, गालावर चरबी, आणि समोर हाडाची काडं झालेला कामगार. कॅरलबाईंचं उत्तर आलं. रेश्मा ते वाचून हसायलाच लागली. "अब्बा, त्या म्हणतात उलटं काढा. त्यांच्याकडे श्रीमंत माणूस सडपातळ असतो. सकाळी धावतो, टी-शर्ट घालतो, पालापाचोळा खातो. आणि गरीब जाड असतो."

"गरीब जाड कसा असेल?"

"स्वस्त मिळतं ते खाऊन. आणि दोन-दोन नोकऱ्या करून हालचालीला वेळ नाही म्हणून."

माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं बाई माझी परीक्षा घेतायत, नाहीतर त्यांचा काही वेगळा डाव आहे. मी आयुष्यभर पुढाऱ्यांची पोटं रंगवलेली. ढेरीशिवाय श्रीमंती दाखवायची कशी? चार-पाच वेळा चित्र परत आलं. शेवटी मी मालकाला बारीक केला, कपडे साधे केले आणि त्याच्या सावलीला मात्र ढेरी दिली. ते चित्र बाईंना फार आवडलं. तेव्हापासून मी त्यांचा पक्का चित्रकार झालो.

मग एकेक विषय यायला लागले आणि माझा संशय वाढत गेला. एकदा बागेतलं बाकडं काढायला सांगितलं. त्या बाकड्याला मध्येमध्ये लोखंडी दांडे बसवलेले, का, तर बेघर माणसाला त्यावर आडवं होता येऊ नये. एकदा दवाखान्याचं बिल काढायला सांगितलं, ते पाहून रोगी पुन्हा बेशुद्ध पडतो असं. एकदा एक आजोबा, नातवंडं खेळवायच्या वयात मोठ्या दुकानाच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करण्याची नोकरी करतात. मी रेश्माला म्हणायचो, "हे खरं आहे का ते नीट बघ. आपल्या हातून कुणाच्या देशाची बदनामी होत नाही ना?" ती नेटवर शोधून फोटो दाखवायची. बाकड्याचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो. दांडे चांगले घडवलेले होते. कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं.

आता सुभेदारांविषयी सांगायला हवं. सुभेदार निकम माझ्या दुकानाशेजारी राहतात. मूळचे आटपाडीकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी पेपर घेऊन माझ्याकडे येणार, माझ्या खुर्चीवर बसणार आणि मला स्टुलावर बसवणार. त्यांना इंग्रजी येत नाही असं नाही, पण अमेरिकेचं काही ठाऊक नाही. म्हणून मी त्यांना माझी कसोटी केलं होतं. कच्चं चित्र झालं की एकही शब्द न सांगता त्यांच्यापुढे धरायचं. त्यांना कळलं तर चित्र जमलं. व्यंगचित्राला खाली मजकूर लागला की समजावं, काहीतरी बिघडलंय.

सुभेदारांना चित्रं कळायची, पण धंदा पटायचा नाही.

"पेंटर, एक सांगा. तिकडं चित्रकार मेलेत काय?"

"का वो?"

"मग ती बाई तिच्या घरचं धुणं तुमच्याकडं का धाडती? आपल्याच देशाला नावं ठेवायची, आन ती बी परक्याकडनं काढून घ्यायची. मला ह्यात काय तरी वेगळाच वास येतो. बॉर्डरवर असं कायतरी बगितलं की आमी आधी लपून बसायचो, मग इचार करायचो."

मी हसण्यावारी नेलं, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. एका सकाळी कॅरलबाई व्हिडिओवर आल्या. साठीच्या, केस कापलेले, मागे भिंतीवर पोपडे आलेले. ते पोपडे बघून मला जरा बरं वाटलं. रेश्माला मी म्हणालो, "सुभेदारांचा प्रश्न विचार. तुमच्याकडे चित्रकार नाहीत का?"

रेश्मा कचरली, पण तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, "भरपूर आहेत. पण त्यांना परवडेल एवढं द्यायला माझ्याकडे नाही."

मी म्हणालो, "म्हणजे कमी पैशात राबवून घेतात म्हणून ज्यांची चित्रं मी काढतो, त्यांच्यासारखंच तुम्ही माझ्याशी वागता."

रेश्माने माझ्याकडे पाहिलं. "अब्बा, हे सांगू?"

"सांग. गोड करून सांगू नकोस."

तिने सांगितलं. मला वाटलं काम गेलं. पण बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. यावरच चित्र काढा." मी काढलं. एका टेबलाभोवती बसून शहाणी माणसं श्रीमंताची टिंगल करतायत आणि टेबलाचे पाय म्हणजे ओणवी झालेली माणसं. एका पायाला मी माझा चेहरा दिला. बाईंनी "उत्तम" म्हणून कळवलं. ते कधी छापून येणार, विचारलं की म्हणतात, पुढच्या अंकात. तो पुढचा अंक अजून निघायचा आहे.

ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहायला बसलो ते त्यानंतरचं. त्या उन्हाळ्यात बाईंनी विषय दिला पाण्याचा. तिकडे एका गावात कंपनी जमिनीतलं पाणी उपसते, बाटल्यांत भरून विकते आणि त्याच गावात नळाला पाणी नाही. मी कच्चं चित्र केलं. उंचावर निळ्या फरशीचं पोहायचं तळं, त्यात हवेच्या गादीवर एक माणूस पहुडलेला. अंगात टी-शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, सडपातळ, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. तळ्याला पाइप जोडलेला आणि तो पाइप खाली रांगेतल्या बायांच्या घागरींतून पाणी वर ओढतोय. कच्च्या चित्रात हात नेहमीच्या सवयीने चालतो. त्यामुळे रांगेत मी घागरी काढल्या, बायांच्या डोक्यावर पदर काढला. पक्कं करताना अमेरिका करायची, असा विचार होता.

सुभेदारांना दाखवलं. ते बघतच राहिले. मग म्हणाले, "ह्ये झॅक जमलंय. मला धाडा की जरा." मी पाठवलं. याआधीही पाठवायचो.

पुढच्या आठवड्यात मी हळदीच्या बाजारपेठेत एका ओळखीच्या दुकानात गेलो, तर मालकाने मोबाइल पुढे केला. "पेंटर, हे बघितलंस का? आपल्या अण्णांचं लय भारी काढलंय कुणीतरी."

माझंच चित्र. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "ओळखा पाहू."

हे अण्णा म्हणजे आटपाडी भागातले एक पुढारी. खरं नाव लिहीत नाही आणि अण्णाही म्हणत नाहीत त्यांना, हे नाव मी दिलेलं. नव्या पिढीचे पुढारी आहेत. जुन्यांसारखी ढेरी नाही, पांढरी टोपी नाही. सकाळी धावतानाचे व्हिडिओ टाकतात, टी-शर्ट घालतात, काळा चष्मा लावतात. आमच्याकडचे श्रीमंत अमेरिकेसारखे दिसायला लागलेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उपसा सिंचन योजनेचं पाणी आता त्या भागात आलंय, डाळिंबाच्या बागा हिरव्या झाल्यात, पण कालव्याच्या टोकाच्या वस्त्यांवर उन्हाळ्यात अजून टँकर लागतो. त्यात निवडणूक तोंडावर. लोकांनी चित्र बघितलं आणि ज्याचं त्याने नाव लावून टाकलं.

मी दुकानात येऊन ते चित्र मोठं करून पाहिलं. पहिल्यांदाच मला शंका आली, तीही स्वतःचीच. अण्णांचे फ्लेक्स मी केले होते. त्यांच्या जबड्याची रेघ माझ्या हाताला माहीत होती. तळ्यातल्या माणसाचा जबडा तसाच नव्हता का? मी आरशात बघावं तसं त्या चित्राकडे बघत राहिलो. मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

चित्र बाहेर गेलं कसं? मी ते दोघांनाच पाठवलं होतं, कॅरलबाईंना आणि सुभेदारांना. सुभेदार आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "मी कुनाला द्यायलोय? तुमच्या कॉम्प्युटरातनंच गेलं आसंल. तुमच्या पोरीला इचारा." रेश्माचं नाव घेतलेलं मला लागलं. ते पेपर न वाचताच उठले. पुढचे काही दिवस माझी खुर्ची रिकामीच राहिली.

चित्र कुणाच्या हातचं, हे फ्लेक्सवाल्यांत फार दिवस लपणारं नव्हतं. मग एक दिवस दुकानासमोर गाडी थांबली. संपत म्हणून अण्णांचा कार्यकर्ता आत आला. गोड बोलणारा. "पेंटर, अण्णांनी चहाला बोलावलंय. उद्या दुपारी फार्महाऊसवर या." दारापर्यंत जाऊन तो वळला. "बाहेरच्या देशातनं पैसा येतो म्हणं तुमाला? कुठला देश वो?"

बोलणं साधं होतं. पण माझ्या नावाच्या माणसाला असा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्यात दुसरा एक प्रश्न असतो, तो विचारणाऱ्यालाही माहीत असतो आणि मलाही. मी म्हणालो, "अमेरिका." तो "आस्सं" म्हणाला आणि गेला.

रेश्मा म्हणाली जाऊ नका. वकील करू. मी म्हणालो, चहाला कुणी वकील घेऊन जात नाही. सकाळी मी स्टँडवर आटपाडीची एसटी धरायला गेलो, तर सुभेदार तिथे उभे. इस्त्रीचे कपडे, छातीला पदकांच्या पट्ट्या. "चला," एवढंच म्हणाले. आमच्यातलं बोलणं बंदच होतं, त्यामुळे गाडीत शेजारी बसूनही आम्ही खिडकीबाहेर बघत गेलो. हा माणूस माझ्या बाजूने येतोय की माझ्यावर नजर ठेवायला, हा विचारही माझ्या मनात येऊन गेला. त्या दिवसांत माझं मनच तसं झालं होतं.

फार्महाऊसवर आम्हाला ओसरीत बसवलं. अण्णा आले. खरंच टी-शर्टात होते. भोवती चार-सहा माणसं उभी राहिली. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला, चित्र वर करून.

"हे तुमी काढलं?"

"व्हय."

"कुणी काढायला लावलं?"

"अमेरिकेतल्या एका बाईंनी."

माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. "पेंटर, मी तुमचं काम बघितलंय. तुमी चांगलं मानूस. नाव सांगा, विषय मिटला. कुठल्या पार्टीनं दिलं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. तिकडची कंपनी, तिकडचं पाणी, बाईंचा निरोप. मोबाइलवर बाईंचं इंग्रजी दाखवलं. एकाने ते वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली, कशी हलवली ते कळलं नाही.

अण्णांचा आवाज चढला. "मग मला एक सांगा. डाळिंबाच्या मागं माझं तळं हाय, ते त्या अमेरिकेच्या बाईला कसं ठावं? आन आत निळी फरशी हाय, ती बी तिनंच बगितली काय?"

अण्णांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. संपतने तर सरळ डाळिंबाच्या बागेकडे मान वळवली. पुढे कळलं, तिथे सरकारी अनुदानाचं शेततळं आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. फरशीचं आणि पोहण्याचं घरच्या माणसांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "आवं अण्णा, मला म्हाईतच न्हवतं. आत्ता तुमीच सांगितलंसा."

अण्णांना चूक कळली. त्यांच्या चेहऱ्यावर जो राग आला तो मी अजून विसरलेलो नाही. ते म्हणाले, "बाहेर कुणी पाठवलं हे चित्र? ते तरी कळू दे. त्याला बघून घेतो."

तेव्हा सुभेदार उठून उभे राहिले. परेडला उभे राहावेत तसे.

"मी पाठवलं."

मी त्यांच्याकडे बघायला लागलो.

"आमच्या फौजी लोकांचा ग्रुप हाय, त्यावर मी टाकलं. चित्र चांगलं वाटलं म्हणून. पेंटरला ठावं न्हाई. मी त्याच्याशी खोटं बोललो." मग ते संपतकडे वळले. "आन पैशाचं तू इचारलंस न्हवं याला? मी इतकी वर्सं देशाची राखण केलीया. कुणाकडं कसं बघायचं ते मला शिकवू नको. ह्यो मानूस घाम गाळून खातो. पुन्यांदा तसं इचारायचं न्हाई."

फौजी माणसावर तिथे कुणी आवाज चढवत नाही. त्या भागात घरटी एकजण सैन्यात आहे, आणि निवडणूक जवळ होती. अण्णांनी हिशोब केला असावा. ते एकाएकी हसले, चहा मागवला, सुभेदारांना खुर्ची दिली.

"सुभेदार, तुमच्यावर माझा विश्वास हाय. चित्र अमेरिकेचंच आसंल. मग त्याच्यावर तसं लिवा की पेंटर. मोठ्या अक्षरात. म्हंजी लोकांचा गैरसमज व्हायचा न्हाई."

मला नाही म्हणता आलं असतं. पण घरी पोरगी होती, दुकान होतं, आणि खोटं तर काहीच लिहायचं नव्हतं. मी पिशवीतला टॅब काढला आणि तळ्याच्या काठावर ठळक अक्षरांत लिहिलं, "अमेरिका". सवयीने उजवीकडून सावलीही दिली. संपतने ते तिथल्या तिथे सगळ्या ग्रुपवर टाकलं. सोबत मजकूर: हे चित्र अमेरिकेचे आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये.

परतीच्या गाडीत सुभेदार म्हणाले, "पेंटर, पोरीचं नाव घ्यायला नको हुतं मी." मी म्हणालो, "येताना मीही तुमच्यावर संशयच घेत होतो." ते म्हणाले, "आता बरोबर झालं मग." आणि झोपून गेले. ते पुन्हा रोज येतात. चित्रं मी त्यांना दाखवतो. पाठवत नाही. त्यांनीही कधी मागितलं नाही.

कॅरलबाईंना हे सगळं सांगितल्यावर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, ही हकिगत आपण छापू. मी नको म्हणालो. मला त्यांच्या हसण्याचा राग आला होता. रेश्माला म्हटलं, "सांग त्यांना, तुमच्या दारात गाडी येत नाही म्हणून तुम्हाला हसू येतं." बाई म्हणाल्या, "गाडी येत नाही. वकिलाची नोटीस येते. एकेका नोटिशीत माझ्यासारखी साप्ताहिकं बंद पडतात. तुमच्या त्या पुढाऱ्याने निदान चहा पाजला." पाण्याचं चित्र मी पक्कं करून दिलं. घागरींच्या जागी प्लास्टिकच्या बाटल्या, पदराच्या जागी टोप्या. पण कच्च्या चित्रात जे होतं ते त्यात उतरलं नाही, हे मला दिसत होतं.

अण्णा निवडून आले. ते येणारच होते. तळ्याची चौकशी करा म्हणून कुणी अर्ज केला होता म्हणे, त्याचं काय झालं माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी मेहुणी वारली म्हणून मला त्या भागात जावं लागलं. एसटीतून उतरलो, फाट्यावर लिंबाखाली पाच-सात घागरी ओळीने मांडलेल्या आणि एक म्हातारी राखणीला बसलेली. ऊन मी म्हणत होतं. मी तिच्याजवळ सावलीला टेकलो आणि बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, टँकर आला न्हाई व्हय अजून?"

"आलाता की."

"मग?"

"गेला अमेरिकेला."

ती हे अगदी सहज बोलली. शेजारच्या गावाचं नाव सांगावं तसं. हनुवटीने तिने डाळिंबाच्या बागांकडे खूण केली. मला आधी उमगलंच नाही. मग कळलं. माझ्या त्या ठळक अक्षरांचं लोकांनी हे केलं होतं. माणसाचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून ते त्या जागेला माझं अक्षर लावून मोकळे झाले होते.

मी पुढे सरकून विचारलं, "कुठली अमेरिका, मावशी? कोन म्हनतं तसं?"

माझी उत्सुकता तिला आवडली नसावी. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझे बूट, माझी पिशवी, पिशवीतून डोकावणारा टॅब. तिचे डोळे बारीक झाले.

"तुमी कुठलं? त्यांचं मानूस हायसा काय?"

"न्हाई वो. मी पेंटर."

"आसंल," ती म्हणाली. "मी काय बोलले न्हाई बाबा. टँकर आलाच न्हाई." आणि पदर पुढे ओढून तिने घागरींकडे तोंड केलं.

ते चित्र माझं, ते अक्षर माझं, हे तिला सांगावं असं फार वाटलं. पण तिने ते खरं मानलं नसतं. तिच्या जागी मी असतो तर मीही मानलं नसतं.